चिंगीचे दागिने

अण्णा,

तुझ्या तेराव्याला भांडी आपल्याच दुकानातली वापरली. बसवनगुडीतल्या लग्नामुंजींना, बारशांना आणि तेराव्यांना आपण इतकी वर्षं तपेली, पराती आणि हंडे भाड्याने पुरवले. तुझ्या वेळी दुसऱ्याकडून आणणं बरं दिसलं नसतं. मसालेभात जरा खाली लागला. तू असतास तर पाहुण्यांना सोडून तपेल्याचं बूड बघायला धावला असतास, म्हणून तुझ्या वतीने मी धावलो. सोनक्का सगळ्यांदेखत म्हणाली, ‘चुलतभाऊ गेला आणि हा तपेलं चाटतोय.’ मी वास घेत होतो रे. पण आपल्या आत्याला फरक समजावत बसलो असतो तर चौदावाही तिथेच उजाडला असता.

फोटो मात्र झकास निवडला. चिंगीला टेकून उभा आहेस तो. स्टुडिओवाल्याने तुझ्या मागची गाडी पुसून तिथे निळं आकाश घातलं, पण तिचा आरसा पुसायचा राहिला. तो तुझ्या कानाशी असा लटकलाय की वाटावं, ढगांत शिरतानाही तू मागून कोण येतंय ते बघून घेतोयस. वहिनीने तो तसाच ठेवायला सांगितला. म्हणाली, ‘राहू दे, शोभतोय.’

तुझा श्रीधर कॅनडाहून आला, त्याचा एक मित्रही भेटायला आला होता. घरात दिवसभर चिंगीचं नाव ऐकून त्याला वाटलं, ती तुझी मुलगी. मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, ताई कुठे दिसत नाहीत? मी चेहरा पाडून म्हणालो, ‘बाहेर उभी आहे. तिला आत येता येत नाही.’ बिचारा हात जोडूनच बाहेर गेला आणि दारात आपला छोटा पिकअप टेम्पो बघून परत आला. तुझ्या तेराव्याला मी एवढाच एक वात्रटपणा केला. तू हसला असतास, म्हणून केला.

तसा तो पोरगा फारसा चुकला नव्हता. तुला एकच मुलगा, तोही साता समुद्रापलीकडे. लेकीची हौस तू चिंगीवर फेडलीस. दोन सिलिंडरचा तिचा जीव. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पण चढ दिसला की तिला घाम फुटायचा. आणि तू तिला काय म्हणायचास? ‘नाजूक आहे.’ एवढाल्या तांब्याच्या हंड्यांचा धंदा करणाऱ्या माणसाने नाजूक गाडी घ्यावी, हे तूच करू जाणे.

बरं, नाजूक तर नाजूक. पण तिच्या नाजूकपणावर तू जो उपाय केलास तो आख्ख्या बेंगळुरात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. आयुधपूजेला सगळं गाव गाड्या धुतं, केळीचे खुंट बांधतं, कोहळा फोडतं, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतं. आपल्या घरी त्यात एक नेम तू वाढवलास. दसऱ्याला लेकीच्या अंगावर एक नवा दागिना चढायचा, आणि एकदा चढला की उतरायचा नाही.

पहिल्या वर्षी पितळेची इवलीशी घंटी आली. तुझ्या सीटसमोर टांगली, वहिनीने हळदकुंकू लावलं, छान झालं. तिथे थांबायला हवं होतं, पण आपण थांबणाऱ्यातले नव्हे. पुढच्या दसऱ्याला नाकासमोर लोखंडी गार्ड आला, ती नथ. मग टपावर जाडजूड कॅरिअर, ती बिंदी. मग मागच्या हौद्याला दोन्ही बाजूंनी पोलादी पत्रे आणि त्यांवर पिसारा फुलवलेले मोर, तो कंबरपट्टा. मोर मी काढून दिले होते आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. मागे लोखंडी शिडी चढली, तिला तू वेणी म्हणालास. शेवटी, लेकीचे पाय उघडे दिसतात म्हणून, मापाचे टायर काढून चांगले मोठे, जाड टायर घातलेस. ते तोडे. त्या दिवशी चिंगी अशी दिसत होती की गांधी बाजारातल्या फुलवाल्या उठून बघायला आल्या. आणि त्याच संध्याकाळी ती दुकानासमोरचा उतरता बोळ उलटा चढेना.

के. आर. पुरमचा पूल आठवतोय ना? मी चालवत होतो, तू शेजारी. होसकोट्याचं लग्न, मागे हंडे. पुलाच्या चढावर मध्येच ट्रॅफिक थांबला. पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा क्लचचा असा धूर निघाला की मागच्या बसच्या ड्रायव्हरने नमस्कार केला. चिंगी पुढे जाईना, मागे सरकायला मात्र तयार. तू खाली उतरून मागच्या चाकाला हंड्याचं झाकण लावलंस. निम्मं शहर आपल्यामागे हॉर्न वाजवत होतं आणि तू पुलावर उभा राहून मला शांतपणे म्हणालास, ‘नाटक्या, हिला भीड पडली.’

त्या दिवसापासून आपली ती जगावेगळी पद्धत सुरू झाली. पुलाच्या अलीकडे थांबायचं, मोठे हंडे सलीमभाईच्या रिक्षात चढवायचे, त्यांच्या जोडीला तूही रिक्षात बसायचास, कारण तुझं वजनही काही कमी नव्हतं. मी हलकी चिंगी पुलावरून काढायची आणि पलीकडे डाव्या हाताला उभी करून तुझी वाट बघायची. थोड्या वेळाने रिक्षा यायची. हंड्यांच्या मधून तुझं फक्त डोकं दिसायचं, राज्याभिषेकाला निघाल्यासारखं. मग हंडे परत चिंगीत, तू परत सीटवर, आणि पुढचा रस्ता. लोकांकडे गाडी असते किंवा रिक्षा असते. आपल्याकडे गाडीला रिक्षा होती.

औषधं आपण कमी नाही केली. तुझी अट एकच होती, इंजिन बदलायचं नाही, खिसा फाडायचा नाही. मंजण्णाच्या गॅरेजमध्ये मग आपल्या बैठका सुरू झाल्या. मंजण्णाचं मत कधीच ठरलेलं नसायचं, चहा ज्याने मागवला त्याच्या बाजूने तो बोलायचा. एअर फिल्टर उघडला तेव्हा त्यात धुळीबरोबर झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. तू रोज घालायचास त्या हारांच्या. नवा फिल्टर घातला, हार दुसरीकडे बांधला, चिंगीने मोकळा श्वास घेतला. डिझेलचा फिल्टर बदलला. इंजिनाच्या झडपांचे टॅपेट लावून घेतले. मागचे ब्रेक सुटतच नव्हते, चाकाला धरून बसले होते, ते मोकळे केले. टायरमध्ये हवा नीट भरली. दरवेळी चिंगी स्वल्प सुधारायची आणि तू पेढे वाटायचास. मीही एक उपाय केला. जुन्या बाजारातून जाडा सायलेन्सर आणून बसवला. त्यानंतर महिनाभर आपली चिंगी सिंहासारखी गरजत कासवासारखी चालली. शेवटी समोरच्या शाळेच्या बाईंनी येऊन हात जोडले, तेव्हा तो काढला.

खरा उपाय मी तुला शंभरदा सांगितला. दागिने उतरव. त्या लोखंडाचं ओझं वाहण्यातच तिचा जीव जातो, आणि मोठ्या चाकांमुळे पहिला गिअरसुद्धा तिला जड होतो. तू वर बघायचासही नाहीस. म्हणायचास, ‘लेकीच्या अंगावरचं उतरवायला तू सावकार आहेस का?’ झालं, वाद तिथे संपायचा. पुन्हा पूल आला की पुन्हा सुरू.

होसकोट्याच्या औद्योगिक भागात तो वजनकाटा आहे ना? एकदा मी मंडपात भांडी मोजून देत होतो आणि तू मला न सांगता रिकामी चिंगी काट्यावर घालून आलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरासारखा. किती भरली, विचारलं. ‘त्याचा काटा बिघडलाय’, एवढंच बोललास आणि घरापर्यंत रेडिओ लावून बसलास. अण्णा, तो रेडिओ तेव्हा बंद पडलेला होता. तुला आकडा कळला होता आणि मला तुझा चेहरा. त्यावर आपण पुढे कधी बोलू असं वाटलं होतं. राहिलं.

तेरावा झाल्यावर श्रीधरने विषय काढला. पोरगा गुणी आहे, उगाच काही म्हणणार नाही. म्हणाला, ‘काका, गाडी विकून टाकू आणि दुकान बंद करू. आईने आता हे ओढायचं कशाला? टेम्पोवर रिक्षा करावी लागते, हा कसला धंदा?’ उत्तर वहिनीने दिलं. तू जायच्या आधी होसकोट्याच्या एका लग्नाला शब्द देऊन बसला होतास. ती म्हणाली, ‘ह्यांचा शब्द आहे, तेवढं लग्न करू. चिंगी रिक्षाशिवाय पूल चढली तर दुकान मी चालवीन. नाही चढली तर तू म्हणतोस तसं.’

मी मनात म्हटलं, संपलं. चिंगी मला ठाऊक होती.

त्याच संध्याकाळी सोनक्का आली. वहिनीच्या हातात नेहमीच्या हिरव्या बांगड्या, गळ्यात नेहमीची पोत. दहाव्याला हा विषय निघाला होता, पण वहिनी सरळ उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि कुणाची पुढे बोलायची छाती झाली नव्हती. सोनक्काची छाती तुला माहीत आहे. वाईट नाही ती, तिच्या वेळी तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. वहिनीचा हात हातात घेऊन अगदी मायेने म्हणाली, ‘अगं, लोक बोलायला लागले. काढायला हवं ना आता?’

मी जमिनीकडे बघितलं. श्रीधरने फोनकडे. वहिनीने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर दिव्याखाली चिंगी उभी होती, नथ-बिंदी-कंबरपट्ट्यासकट.

‘खरं आहे सोनक्का’, वहिनी म्हणाली. ‘फार दिवस अंगावर वागवलं. आता काढायलाच हवं.’

वहिनी उठली, पदर खोचला, माझ्याकडे वळली.

‘भावोजी, पाना आणा.’

अण्णा, मी गणेशोत्सवात इतकी वर्षं नाटकं केली. असा प्रवेश मला कधी लिहायला जमला नाही आणि करायलाही. मला कळेपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती आणि चिंगीच्या नथीवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, ‘वहिनी, अण्णाने हे उतरवू दिलं नसतं.’ तिने नथीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘त्यांची हौस होती, ती झाली. माझ्या बांगड्या मला जड नाहीत. हिला हे जड आहे. जिला जड होतं तिचं काढायचं.’

सोनक्का दारातून बघत होती. जरा वेळाने तिने आतून खुर्ची मागवली आणि कुठला बोल्ट आधी सोडवावा हे सांगायला लागली.

दुसऱ्या सकाळी बोळात कामाला लागलो. सर्वांत आधी बाह्या कुणी सरसावल्या असतील तर तुझ्या श्रीधरने. गंजलेले बोल्ट सुटेनात, तर मंजण्णा आला आणि चहा वहिनीने दिल्यामुळे पूर्णपणे वहिनीच्या बाजूने बोलू लागला. त्याने मोठे टायर ठेवून घेतले आणि बदल्यात मूळ मापाचे चांगल्या अवस्थेतले दिले. पदरचं काही गेलं नाही. ब्रेक, टॅपेट, फिल्टर पुन्हा एकदा बघून दिले. नथ आता दुकानात आहे, तिच्या आधाराने पराती उभ्या राहतात. शिडी माळ्यावर जायला लावली. एक मोर दुकानाच्या दाराशी बसवला. दुसरा श्रीधरने मागितला. विमानात नेता येणार नाही हे कळल्यावर त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला, आणि मग बराच वेळ तिथेच उभा होता.

घंटी तेवढी राहिली. मी सोडवायला हात घातला तर वहिनी म्हणाली, ‘कानातलं राहू दे तिचं.’

लग्नाच्या सकाळी हंडे भरले. एकही कमी नाही, तुझी शपथ. मी चालवायला, वहिनी तुझ्या जागी. श्रीधर आणि सोनक्का दारात. बसवनगुडीतून बाहेर पडेपर्यंत मला कळलं होतं की ही ती चिंगी नाही; सिग्नलला पाय उचलला की चटकन पुढे जायची. पण सिग्नल म्हणजे पूल नव्हे.

पुलाच्या अलीकडे सलीमभाई रिक्षा घेऊन उभा. तुझं कळलं त्या दिवशी तो घरी येऊन गेला होता. आज गाडी येणार हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. खाली उतरला आणि नेहमीसारखा हंड्यांकडे आला.

‘भाबी, हंडे मेरे में डाल देते.’

‘आज नको सलीमभाई. तुम्ही मागून या.’

‘खाली गाडी लेके?’

‘खाली गाडी घेऊन.’

त्याने माझ्याकडे बघितलं, मी वर आकाशाकडे. तो बसला रिक्षात.

पूल लागला. तिसरा गिअर, मग दुसरा. चिंगी चढत होती. मी हसायला तोंड उघडलं आणि ऐन चढावर समोरच्या बसचे लाल दिवे लागले. ट्रॅफिक थांबला. तीच जागा, अण्णा, जिथे तू झाकण घेऊन उतरला होतास. मी हँडब्रेक ओढला. मागे हॉर्न सुरू झाले. वहिनीचे दोन्ही हात मांडीवर, बांगड्या गप्प.

बस हलली. पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा सूर खाली आला आणि थरथरत तिथेच थांबला. तू चढावर म्हणायचास तसंच माझ्या तोंडून निघालं, ‘चल गं बाय.’ हँडब्रेक सोडला.

घंटी वाजली. चिंगी पुढे गेली. मागे बोटभरही सरकली नाही, धूर नाही, भीड नाही, सरळ पुढे. पुलाच्या माथ्यावर वारा लागला, खाली रेल्वेचे रूळ चमकत होते. मला मोठ्याने काहीतरी आरोळी ठोकायची होती, पण वहिनीकडे बघितलं आणि गिळली. ती समोर बघत हसत होती, डोळे पुसायचे सोडून.

‘श्रीधरला कळवा’, ती म्हणाली. ‘गाडी विकायची नाही.’

म्हणजे वाद मी जिंकलो, अण्णा. इतक्या वर्षांचा. आणि सांगायचं कुणाला, तर ज्याच्याशी घातला त्यालाच. एक कबूल करतो. दागिने नसते चढवलेस तर चिंगीवर एवढा जीव कुणी लावला नसता, आणि जीव नसता लावला तर वहिनी पाना घेऊन उभी राहिली नसती. तेव्हा अर्धा वाद तुझा. ही माझी शेवटची सवलत.

पूल उतरलो. आणि मी डाव्या हाताला गाडी उभी केली.

‘का थांबलात?’ वहिनीने विचारलं.

मला पटकन कळेना का थांबलो. पूल संपला की इथे थांबायचं असतं. थांबून मागे बघायचं असतं. मी तेच करत होतो. वहिनीच्या लक्षात आलं असावं, तिने पुन्हा विचारलं नाही. तीही आरशात बघायला लागली.

जरा वेळाने सलीमभाईची रिक्षा आली, आपल्यामागे उभी राहिली. मागची सीट रिकामी. तोही खाली उतरला नाही, त्यालाही इथे थांबायची सवय. आम्ही तिघं काहीच न करता तसेच बसून राहिलो, बाजूने गाड्या जात होत्या. घाई कुणालाच नव्हती. तू हंड्यांमधून उतरताना नेहमीच वेळ लावायचास.

मग वहिनीने पदर सावरला.

‘चला भावोजी’, ती म्हणाली. ‘ते येतील मागून, सावकाश.’

मी आरसा पुसला, नीट वळवून घेतला, आणि पहिला गिअर टाकला.